वाचकांचे प्रश्न : बेस गिटारला पेडल लावावे की मूळ नाद जपावा?

प्रश्न : महोदय, मी गेली काही वर्षे एका बँडमध्ये चार तारांची बेस गिटार वाजवतो. आमच्या गिटारवादकापुढे पेडलांची, म्हणजे पायाने चालू-बंद करून आवाज बदलणाऱ्या डब्यांची, रांग असते. माझी केबल मात्र थेट अ‍ॅम्पमध्ये जाते. काही गाण्यांत आवाजाला धार यावी म्हणून अलीकडे मी एक ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखर देणारे पेडल) आणि एक कोरस घेतला. एकट्याने वाजवताना दोन्ही फार छान वाटतात, पण सर्वांबरोबर वाजवताना ओव्हरड्राइव्ह चालू केला की बेस असून नसल्यासारखा होतो. आमच्या ड्रमवादकाचे म्हणणे असे, की बेसचे काम पाया धरण्याचे आहे आणि पेडले ही गिटारवाल्यांची हौस आहे. बेसवादकाने पेडल वापरावे, की वाद्याचा मूळ नादच ठेवावा? (एक बेसवादक)

उत्तर : आपल्या ड्रमवादकाने सांगितलेले काम खरे आहे, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पाया धरणे हे बेसचे कर्तव्य आहेच, आणि ते न सोडता जो इफेक्ट वापरता येईल तो खुशाल वापरावा, असे माझे मत आहे. आपल्याला आलेला अनुभव, म्हणजे पेडल चालू होताच बेस नाहीसा होणे, हा मात्र अगदी खरा आणि फार जणांना येणारा अनुभव आहे. त्याची कारणे समजली, तर पेडल ठेवायचे की काढायचे हे ठरवणे सोपे जाईल.

आधी मूळ नादाविषयी. केबल थेट अ‍ॅम्पमध्ये गेली तरी जो आवाज आपण ऐकतो त्याला वाटेत बराच आकार मिळालेला असतो. राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, तारा नव्या असताना त्यांचा आवाज झणझणीत असतो, फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, तारांचा दबलेला आणि गोल. मानेकडचा पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) भरीव बोलतो, ब्रिजकडचा, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तिकडचा, थोडा नाकातून. बोट तारेवर नेमके कुठे पडते यावर तर सारेच बदलते. जेम्स जेमरसन यांनी १९६०च्या दशकात मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत वाजवलेला बेस आजही आदर्श मानला जातो. त्यांच्या १९६२ सालच्या फेंडर प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, त्या ते क्वचितच बदलत, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा दाबलेला असे, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी सारे काम करी. पेडल एकही नव्हते. पण तो नाद तारा, फोम आणि बोट यांच्या निवडीतूनच घडलेला होता. दुसऱ्या टोकाला जॅको पास्टोरियस यांच्या फ्रेटलेस (मानेवर धातूच्या पट्ट्या नसलेल्या) फेंडर जॅझ बेसचा, ब्रिजकडच्या पिकअपमधून येणारा, जवळजवळ गाणारा आवाज. आपला नाद घडवण्याचे काम पेडलाच्या कितीतरी आधी सुरू होते. म्हणून कुणी पेडल घ्यायला निघाले, की मी आधी तारा बदलून आणि टोनचा नॉब फिरवून पाहायला सांगतो. पुष्कळदा हवे ते तिथेच सापडते.

आता ओव्हरड्राइव्हने बेस का हरवतो ते पाहू. चार तारांच्या बेसवरील मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर कंप पावते. गिटारची सर्वांत खालची ई त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२ हर्ट्झवर. गिटारसाठी बनवलेली पुष्कळ ओव्हरड्राइव्ह पेडले मुद्दामच खर्ज कमी करतात, कारण गिटारचा खालचा भाग जास्त चिरडला गेला तर आवाज गढूळ होतो. इबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये ७२० हर्ट्झच्या खाली जाऊ तसतशी सिग्नलला मिळणारी वाढ कमी होत जाते. गिटारसाठी ही रचना शहाणपणाची आहे, पण बेसचा सारा मूळ स्वर त्या रेषेच्या खूपच खाली राहतो. आपले पेडल याच जातीचे असेल, तर वर खरखर आणि खाली पोकळी असेच ऐकू येणार.

पेडल खास बेससाठी बनवलेले असले तरी एक अडचण उरते. सिग्नलची शिखरे कापली गेली की नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतली वरची कंपने, तयार होतात आणि एकूण पातळीत मूळ स्वराचा वाटा घटतो. शिवाय तार छेडल्याक्षणी येणारा ठोका आणि त्यानंतरचा स्वर यांतला उंचसखलपणा सपाट होतो. बेसचा ठोका आणि किक ड्रमचा ठोका एकत्र पडणे हा लयीचा कणा असतो. ठोकाच सपाट झाला तर ड्रमवादकाला आपण दिसेनासे होतो. आपल्या मित्राची तक्रार बहुधा इथूनच उगवली आहे, आणि तेवढ्यापुरती ती मी रास्त मानतो.

उपाय साधा आहे आणि जुनाही आहे: मूळ सिग्नल स्वच्छ ठेवून खरखर त्याच्या शेजारी मिसळणे. बीटल्सच्या १९६५ सालच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या गाण्यात पॉल मॅकार्टनी यांचा फझ (अधिक कडक खरखर) लावलेला बेस ठळक ऐकू येतो. पण त्याच्याखाली साधा, स्वच्छ बेसही वाजत असतो. फझने गाण्याला धार दिली आणि पाया दुसऱ्या बेसने धरला. म्यूझ या रॉक बँडचे ख्रिस वोल्स्टेनहोम मंचावर हेच वेगळ्या मार्गाने करतात: एक सिग्नल स्वच्छ राहतो आणि त्याच्या जोडीला विकृत केलेले सिग्नल चालतात. २००३ सालच्या ‘हिस्टेरिया’मधला बेस इतका आक्रमक असूनही पोकळ का वाटत नाही, त्याचे मोठे कारण हे आहे.

आजकाल बेससाठीच्या बऱ्याच ओव्हरड्राइव्ह पेडलांवर ब्लेंड नावाचा नॉब असतो, तो याच कामासाठी. तो लावायची रीत सांगतो. सारा बँड वाजत असताना ब्लेंड पूर्णपणे स्वच्छ बाजूला ठेवा आणि अगदी हळू पुढे न्या. एका जागी आपल्याला बोटांच्या हालचाली अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागतील, पण ‘ओव्हरड्राइव्ह चालू आहे’ असे अजून वाटणार नाही. त्याच्याही थोडे पुढे गेलात की खरखर जाणवेल. या दोन जागांच्या मधली जागा बहुतेक गाण्यांना पुरते. फिरवताना मध्यभागी आवाज दोन्ही टोकांपेक्षा बारीक झाला, तर स्वच्छ आणि विकृत सिग्नलांची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी असण्याचा संभव आहे. ते दोन सिग्नल खर्जात एकमेकांना खाऊन टाकतात. अशा पेडलावर कितीही नॉब फिरवले तरी पोट भरत नाही, ते बदललेलेच बरे. ब्लेंड नसेल, तर सिग्नल दोन वाटांनी नेणारे वेगळे मिक्सर पेडल मिळते.

हे सारे एकट्याने बसून ठरवू नका, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. एकट्याने ऐकताना जी खरखर कानाला टोचते ती झांजांच्या आणि गिटारच्या आवाजात विरघळून जाते, आणि जो घनदाट, गोड आवाज खोलीत मोहवतो तो बँडमध्ये बुडतो. दुसरे असे, की पेडल चालू केल्यावर आवाज जरासा जरी मोठा झाला तरी कानाला तोच अधिक चांगला वाटतो. म्हणून चालू आणि बंद या दोन्ही अवस्थांतली पातळी आधी सारखी करा, मग निवाडा करा.

खरखरीचा एक फायदा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. तरीही त्यावर बेसचा स्वर ओळखता येतो, कारण हार्मोनिक ऐकून कान आणि मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतात. हलका ओव्हरड्राइव्ह हे वरचे हार्मोनिक ठळक करतो, म्हणून लहान स्पीकरवरही बेसची चाल समजते. स्वच्छ नादाचा आग्रह धरणाऱ्या ध्वनिमुद्रकांनीसुद्धा अनेकदा बेसवर थोडासा ओव्हरड्राइव्ह टाकलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला तो इफेक्ट म्हणून जाणवतही नाही.

कोरसविषयी मी अधिक सावध आहे. कोरस म्हणजे सिग्नलची किंचित उशिरा येणारी आणि सुरात हेलकावणारी प्रत मूळ सिग्नलमध्ये मिसळणे. वरच्या सप्तकात तो हेलकावा चमक आणतो. खर्जात तो सूर डळमळीत करतो, आणि तिथे डळमळलेल्या सुरावर बाकी कुणाला उभे राहता येत नाही. खालचा भाग कोरसपासून दूर ठेवणारा फिल्टरचा नॉब बेसच्या काही कोरसवर असतो. आपल्या पेडलावर तो असेल तर वापरा, नसेल तर कोरस फक्त वरच्या फ्रेटवर वाजवायच्या संथ तुकड्यांसाठी राखून ठेवा. आवाज घुमवणाऱ्या रीव्हर्बचेही थोडेफार असेच आहे.

राहिला ‘गिटारवाल्यांची हौस’ हा मुद्दा. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर वाजवत असताना मिक्सिंग डेस्कमधला बिघडलेला प्रीअ‍ॅम्प फाटका आवाज देऊ लागला आणि तोच आवाज गाण्यात ठेवला गेला. पुढच्या वर्षी बाजारात आलेल्या माएस्ट्रो फझ-टोन या पेडलाचा उगम त्या बिघाडात आहे. म्हणजे या पेडलाचा फझ आधी खालच्या तारांवर ऐकू आला. त्यानंतर बूट्सी कॉलिन्स यांनी म्यू-ट्रॉन थ्री या एन्व्हलप फिल्टरने (ठोक्याच्या जोरानुसार नादाचा रंग बदलणाऱ्या पेडलाने) फंकमधल्या बेसला अक्षरशः बोलायला लावले, आणि क्लिफ बर्टन यांनी मेटालिकाच्या १९८३ सालच्या पहिल्या अल्बममध्ये विकृत आवाज आणि वाह-वाह लावून संपूर्ण तुकडा बेसवर उभा केला. या दोघांचे बेसवादन पेडल काढून घेतले तर अपुरे राहील. मात्र बर्टन यांचा तो तुकडा बव्हंशी बेसचाच आहे. तिथे ज्याच्यासाठी पाया धरून ठेवावा असा कुणी गिटारवादक किंवा गायक नव्हता. कोणत्या जागी बेस आधार देतो आहे आणि कोणत्या जागी तो स्वतः पुढे आला आहे हे गाणे ऐकून ठरवा. आधार देत असताना स्वच्छ सिग्नल ठळक ठेवा, आणि पुढे यायची वेळ आली की पाय पेडलावर ठेवायला कचरू नका.

प्रश्न : बेसवादकाला दुसरे काही नसले तरी कंप्रेसर हवाच, असे सगळे सांगतात. मी घेतला, पण वाजवताना आवाजातला जीव गेल्यासारखे वाटते. दोष माझ्या कानाचा आहे का? (एक वाचक)

उत्तर : दोष आपल्या कानाचा नाही, बहुधा नॉबच्या जागांचा आहे. कंप्रेसर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. प्रमाण ४:१ ठेवले, तर त्या पातळीच्या ८ डेसिबल वर जाणारा ठोका २ डेसिबलच वर जातो. किती लवकर दाबायचे हे अटॅकचा नॉब ठरवतो, आणि बेसवर नेमकी तिथेच गफलत होते. मोकळ्या ई तारेचे एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) दोन्ही त्याहून फार जलद ठेवले, तर कंप्रेसर स्वराची पातळी सांभाळण्याऐवजी एकेका लाटेचाच आकार बदलू लागतो आणि आवाज घुसमटतो. अटॅक ३० मिलिसेकंदांच्या आसपास नेऊन पाहा. छेडण्याचा ठोका सुखरूप निसटेल आणि त्यामागचा स्वर समतल होईल. आपल्या पेडलावर एकच नॉब असेल, तर तो निम्म्याच्या पुढे नेऊ नका.

‘हवाच’ हे मला मात्र मान्य नाही. स्लॅप वाजवताना अंगठ्याचा आणि ओढलेल्या तारेचा आवाज यांत मोठी तफावत असते. तिथे कंप्रेसर खरोखर उपयोगी पडतो. बोटांनी साध्या चाली वाजवणाऱ्याला तो अनेकदा अनावश्यक असतो. ध्वनिमुद्रणात आणि मोठ्या मंचावर ध्वनिसंयोजक त्याच्या बाजूने कंप्रेसर लावतोच. आपण आधीच सारे दाबून पाठवले, तर त्याच्या हाती काही उरत नाही. शिवाय दाबलेला आवाज पुन्हा वर उचलताना मागची घरघरही वर येते.

प्रश्न : मी नुकतीच बेस शिकायला लागले आहे. आमचे सर इफेक्ट पेडलाला हात लावू देत नाहीत. मला मात्र खालच्या सप्तकाचा स्वर जोडणाऱ्या ऑक्टेव्ह पेडलचा आवाज अतिशय आवडतो. सरांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : सध्यापुरते बरोबर आहे. न वाजवायच्या तारा दोन्ही हातांनी गप्प ठेवणे, स्वर नेमका कुठे थांबवायचा हे ठरवणे आणि प्रत्येक बोटाचा ठोका सारखा पडणे, या गोष्टी स्वच्छ आवाजात लगेच उघड्या पडतात. इफेक्टच्या आड त्या लपतात आणि मग वर्षानुवर्षे तशाच राहतात. गंमत अशी, की आपल्याला आवडणारे ऑक्टेव्ह पेडल या बाबतीत सर्वांत कडक परीक्षक आहे. १९८२ साली आलेल्या बॉस ओसी-२ सारख्या अ‍ॅनालॉग पेडलांना एका वेळी एकच स्वर ओळखता येतो. शेजारची तार किंचित जरी थरथरत राहिली, तरी ते गोंधळते आणि खालचा स्वर गुरगुरत तुटतो. शिवाय मोकळ्या ई तारेच्या खालचे सप्तक २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकू येण्याच्या सीमेवर जाते. म्हणून हे पेडल ए तारेच्या पाचव्या फ्रेटपासून वर अधिक चांगले बोलते. सरांना ही गोष्ट सांगा. हाताची स्वच्छता तपासण्यासाठी आठवड्यातून एकदा ते पेडल वापरू का, असे विचारलेत तर ते नाही म्हणणार नाहीत असे मला वाटते.

प्रश्न : माझ्या बोर्डवर सहा पेडले आहेत. सर्व बंद असतानाही आवाज थेट केबलपेक्षा मंद येतो आणि मागे सतत घूं असा आवाज असतो. पेडले खराब आहेत का? (एक वाचक)

उत्तर : बहुधा नाहीत. आवाज मंद होणे आणि घूं येणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसचा पिकअप उच्च इम्पीडन्सचा (विजेला जास्त अडथळा असलेला) असतो, आणि केबलच्या प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. केबल जितकी लांब तितका वरचा भाग गळतो. ट्रू बायपास पेडल बंद असताना सिग्नलला कोणतीही मदत करत नाही, ते फक्त केबलची लांबी वाढवते. अशी सहा पेडले आणि दोन्ही बाजूंच्या लांब केबली जोडल्या, की मंदपणा ऐकू येणारच. रांगेच्या सुरुवातीला एक बफर (सिग्नलला बळ देणारे छोटे सर्किट), किंवा बफर असलेले ट्यूनर पेडल ठेवा. फझ फेससारखे जुन्या घडणीचे फझ असेल, तर तेवढे बफरच्या आधी ठेवा, कारण त्याला पिकअपशी थेट जोडणी लागते. आपला बेस अ‍ॅक्टिव्ह असेल, तर हे काम त्यातला बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्पच करतो आणि मंदपणाचे कारण अन्यत्र, बहुधा एखाद्या खराब जोडकेबलीत शोधावे लागेल.

घूं आवाजाचे कारण बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात सापडते. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून वायर फिरवत सर्व पेडलांना वीज दिली असेल, तर डिजिटल पेडलांचा गोंगाट शेजारच्या अ‍ॅनालॉग पेडलांत उतरतो. प्रत्येक पेडलाला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट देणारा पॉवर सप्लाय घ्या, आणि घेताना व्होल्टबरोबर मिलिअ‍ॅम्पिअरही पाहा. साध्या ओव्हरड्राइव्हला काही मिलिअ‍ॅम्पिअर पुरतात, तर डिजिटल डिलेला शंभराहून अधिक लागू शकतात. जोडण्यापूर्वी पोलॅरिटी तपासा. ९ व्होल्टची बहुतेक पेडले मधला टोक ऋण असलेला प्लग मागतात, पण सगळीच नाही.

एवढे करूनही मंचावर घूं राहिली, तर डीआय बॉक्सवरचा (बेसचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका दाबून पाहा. आणि ध्वनिसंयोजकाला कार्यक्रमाआधीच विचारा, की तो सिग्नल पेडलांच्या आधी घेतो आहे की नंतर. आधी घेत असेल, तर आपण पायाने केलेले सारे बदल फक्त आपल्या अ‍ॅम्पमध्ये ऐकू येतील, श्रोत्यांपर्यंत पोहोचणार नाहीत. दोन वाहिन्या मोकळ्या असतील, तर एकीवर स्वच्छ आणि दुसरीवर पेडलांनंतरचा सिग्नल द्यावा. एखादे पेडल मध्येच बंद पडले तरी बेस थांबत नाही.